नारळ गाडीवर की गाडी नारळावर

आमच्या नव्या गाडीची पुढची काच नारळाने फुटली, याबद्दल घरात दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की नारळ गाडीवर जाऊन आदळला की गाडी नारळावर. बंगळुरूला बनशंकरीतल्या आमच्या घरात या प्रश्नावर पंधरा दिवस खल चालला. वॉरंटी म्हणजे काय आणि विमा म्हणजे काय, हे मला त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते आजतागायत विसरलेले नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न करून पुण्याहून बंगळुरूला येऊन मला पाच वर्षं झाली होती. सासर मराठीच, पण कसलं मराठी! या लोकांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, येताना जेवढी मराठी आणली तेवढ्यावर आजवर भागवत आले, आणि कमी पडलं तिथे कन्नड घातलं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे, त्यांचा सख्खा मुलगासुद्धा. मी पुण्याची, त्यामुळे आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांची मराठी सुधारायला निघाले होते. पाच वर्षांनी मीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा हो" आणि सासूबाईंना 'बरं'च्या जागी "सरी, सरी" म्हणत होते. त्यांच्या मराठीला मात्र ओरखडासुद्धा पडला नव्हता.

आमचे हे एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम फुकट करायचं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कागदावर नाही, ते घडलंच नाही." कारखान्यात जो पार्ट नोंदवहीत चढला नाही, तो बनलाच नाही असं धरतात म्हणे. घरातही तोच कायदा. एकदा लग्नाचा वाढदिवस विसरले आणि वर मलाच म्हणाले, "कॅलेंडरवर तू लिहिला नव्हतास." आपली चूक झाली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी चूक कोणी करत नसे, ती आपली आपण होत असे.

तर गाडी. नाव नोंदवून आम्ही कितीतरी महिने वाट पाहिली, तेव्हा कुठे ती दसऱ्याच्या आधी दारात आली. छोटी, पांढरी. ह्यांना न्यायला कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची, म्हणजे गाडी दिवसभर घरीच. ती खरी घेतली होती माझ्यासाठी. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळत होती. दोन बस बदलायच्या, वर वीस मिनिटं चालायचं. मी नाहीच म्हणणार होते, पण हे म्हणाले, "गाडी शीक." त्या दोन शब्दांनी मी किती हरखले होते, ते त्यांना कधी कळू दिलं नाही. पाच वर्षं या गावात मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको म्हणून फिरत होते, आणि रिक्षावाला नेईल तिथे जात होते. शाळेला दिवाळीपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

एचएसआर लेआउट ही वसाहत तेव्हा नुसती आखून ठेवलेली होती. रस्ते होते, घरं फारशी नव्हती. ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर मला तिथे घेऊन जायचे, कारण तिथे धडकायला काही नव्हतं. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. मास्तर शांतपणे म्हणायचे, "परत एकदा, अम्मा." शिकाऊ परवाना हातात होता, पक्क्या परवान्याची परीक्षा दसऱ्यानंतर होती.

मग आली खंडेनवमी. पुण्याला आम्ही सायकलला झेंडूची माळ घालायचो, हळदकुंकू वाहायचो, संपलं. बंगळुरूत त्या दिवशी आयुधपूजा असते, आणि तिच्यात गाडीचं लग्नच लावतात. अक्कांनी पहाटे गाडी धुवून घेतली. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, बॉनेटवर गंधाचे पट्टे ओढले, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मी शिकाऊ म्हणून काचेवर लावलेल्या तांबड्या 'एल'च्या पाटीलासुद्धा कुंकू लावलं. रीत अशी, की गाडीसमोर दगडावर नारळ फोडायचा आणि मग गाडी लिंबांवरून पुढे न्यायची. गाडी कोणी न्यायची, तर अक्का म्हणाल्या, "घरच्या लक्ष्मीनं." मला भरून आलं. त्या स्वतः हातात घड्याळ घेऊन मागच्या सीटवर बसल्या, कारण लवकरच अशुभ राहुकाळ लागणार होता आणि त्याच्या आधी गाडी हलायला हवी होती. शेजारच्या सीटवर नैवेद्याचं ताट आणि केळ्यांचा घड ठेवला होता.

हे गाडीसमोर नारळ घेऊन उभे राहिले. माणूस तपासणी विभागातला! फोडायचा नारळसुद्धा आधी कानाशी हलवून पाणी तपासलं, शेंडी ओढून पाहिली, दगड जरा डावीकडे सरकवला, मग डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती काही संपेना. मागून अक्का म्हणाल्या, "दोन मिनिटं राहिली." मग म्हणाल्या, "एक राहिलं." आणि मग एकदम ओरडल्या, "अय्यो, लागतोय राहुकाळ! निघ गे, निघ, निघ!"

मी क्लच सोडला. गाडीने तिची ती उडी मारली. ह्यांनी डोळे उघडले ते थेट अंगावर येणाऱ्या बॉनेटसमोर. दोन्ही हात वर होते, ते दचकले आणि नारळ सुटला.

काच एका झटक्यात पांढरी झाली आणि खडीसाखरेसारखी आमच्या मांडीवर येऊन पडली. नारळ ताटात. गाडी बंद पडलेली. मग हे त्या उघड्या भगदाडातून आत डोकावले आणि म्हणाले, "पहिल्याच गिअरमध्ये होतीस का?"

"मला लागलं का ते विचारा आधी!" मी ओरडले.

"लागलं का?"

"नाही."

"मग गिअर कुठला होता?"

काय बोलावं अशा माणसाला? कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, ही देवाची कृपा. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुटकी काच घरात म्हणजे अक्कांच्या दृष्टीने फार वाईट. अर्ध्या तासात त्यांनी सीटवरची, पायाखालची, रस्त्यावरची सगळी काच सुपात गोळा केली, रबराच्या पट्टीत अडकलेले तुकडेसुद्धा वेचून काढले आणि परसातल्या शेवग्याखाली खड्डा करून पुरून टाकले. काच अशी लख्ख नाहीशी झाली, जणू गाडीला ती कधी नव्हतीच. मग हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी निकाल दिला, "आता ह्या गाडीला तिनं हात लावायचा नाही. पहिल्याच पावलाला अपशकुन. सरी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे काहीतरी म्हणतील. हे गाडीची कागदपत्रं शोधायला कपाटाकडे गेले होते.

सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी मी मोरीत जाऊन रडले. काचेसाठी नाही. काच काय, नवी बसते.

दसरा झाल्यावर हे वॉरंटीचं पुस्तक घेऊन शोरूममध्ये गेले, मला बरोबर घेऊन. पुस्तक बारीक अक्षरात, ह्यांनी त्यातल्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारलेल्या. तिथला माणूस फार नम्र. म्हणाला, "सर, कारखान्यात काही दोष राहिला असेल तर तो आम्ही भरून देतो. काच, टायर, रबर यात नाही. आणि नारळ हा आमच्या कारखान्यातला दोष नाही, सर." ह्यांनी पुस्तक मिटलं. तपासणी विभागातल्या माणसाला दोष कुठला, कुणाचा, हे शिकवणारा कुणीतरी भेटला म्हणून मला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

घरी आल्यावर अक्कांना समजावून सांगणं आलं. हे म्हणाले, "वॉरंटी म्हणजे वस्तूत मुळातच खोट असेल तर बनवणारा जबाबदार. बाहेरून काही आदळलं, चोरी झाली, आग लागली, तर ते बघायला विमा."

अक्का लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे वॉरंटी हे माहेर. मुलीत उपजत खोड असली तर त्यांनी ऐकून घ्यायचं. सासरी आल्यावर काय होईल ते सासरच्यांनी निस्तरायचं, तो विमा."

"अगदी बरोबर," हे म्हणाले. इतकी सोपी व्याख्या त्यांना स्वतःला सुचली नव्हती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग क्लच नीट न सोडणं हे कशात येतं?" मी विचारलं. अक्कांनी लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली.

आमचा विमा नुसता दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता नव्हता, आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारा होता. म्हणजे काच मिळायला हवी. हे रोज संध्याकाळी पॉलिसी घेऊन बसायचे, नवीन देवभक्त पोथी घेऊन बसतो तसे. काचेचे मिळतील, पण भोवतीच्या रबराचे अर्धेच मिळतील, हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. झोपताना परत सांगितलं. गाडी मी चालवायची की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. मी शाळेला नकाराचं पत्र लिहून ठेवलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

मग विमा कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेले सर्व्हेअर आले. पन्नाशीचे, किडकिडीत, कपाळावर गंध, कन्नड बोलणारे. गाडीभोवती एक फेरी मारली, भगदाडात हात घालून पाहिला, आणि विचारलं, "काच कुठे आहे?"

"फुटली," हे म्हणाले.

"ते दिसतंय. फुटलेली काच कुठे आहे? मी नुकसान पाहिल्याशिवाय काही हलवायचं नसतं. तुमच्याच पॉलिसीत लिहिलंय."

हे एकदम पांढरे पडले. त्या पॉलिसीतली एकूण एक ओळ ह्यांना पाठ होती, पण ती पाठ करेपर्यंत काच शेवग्याखाली गेली होती. सर्व्हेअर गंभीरपणे म्हणाले, "गाडीला काच होती, हे मला कसं कळणार?"

"अहो, बिनकाचेची गाडी कोण विकतं?" मी म्हणाले. त्यांना हसू आलं, पण पेन त्यांनी उघडलं नाही.

अक्का परसात गेल्या. दहा मिनिटांनी आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. सगळी काच उकरून, वर चिखल नको म्हणून दोन पाण्यांनी धुऊन आणली होती. सर्व्हेअरनी झाकण उघडलं, मूठभर खडे हातात घेतले. म्हणाले, "इतका स्वच्छ पुरावा मी आजवर पाहिला नाही." मग त्यांनी पेन उघडलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," मी म्हणाले.

"परवाना?" मी शिकाऊ परवाना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला. "शेजारी पक्का परवाना असलेलं कोण बसलं होतं?"

शेजारी केळ्यांचा घड बसला होता. पक्का परवाना असलेला माणूस समोर नारळ घेऊन उभा होता.

सर्व्हेअरनी पेन मिटलं. माणूस खरंच भला. ह्यांना म्हणाले, "शिकाऊ माणूस एकटा चालवत असेल तर क्लेम बसत नाही, सर. पण आयुधपूजेला गाडी उभीच असते ना? आत कोणी नव्हतं, उभ्या गाडीवर हातातून नारळ निसटला. एवढंच होतं, तर तेवढंच लिहा. मी उद्या फॉर्म न्यायला येतो." आणि अक्कांनी दिलेली कॉफी पिऊन गेले.

त्यांची पाठ वळताच मी म्हणाले, "लिहून टाका तसं." अक्काही म्हणाल्या, "बरोबर आहे. उभीच होती म्हणायची. तिचंही नाव त्यात यायला नको, बिचारीचं."

बिचारीचं! ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? मीच तर म्हणाले होते.

संध्याकाळी हे फॉर्म घेऊन बसले. मी समोर मेथी निवडत होते. बराच वेळ झाला तरी पेन हलेना. मग उठले, टेप घेऊन बाहेर गेले. रस्त्यावर चिरडलेल्या लिंबांचे डाग अजून होते. तिथपासून चाकापर्यंत मोजून आले.

"दीड फूट," ते म्हणाले.

"काय दीड फूट?"

"गाडी दीड फूट पुढे आली होती."

"आता त्याचं काय? कोणी चालवतच नव्हतं ना."

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "आत कोणी नव्हतं असं लिहिलं, तर तू त्या दिवशी गाडी चालवलीच नाहीस असं होईल."

"दीड फूट तर गेली. त्यात काय चालवणं आलं?"

"क्लच सोडलास. गाडी पुढे गेली. माझ्या आयुष्यात माझ्या घरातली बाई गाडी चालवताना मी पहिल्यांदा पाहिली. ते मी कागदावरून कसं खोडू?"

मी मेथीची जुडी खाली ठेवली. हे लिहायला लागले. मोजकं, ठळक, कारखान्यातल्या नोंदवहीत लिहितात तसं. लिहून झाल्यावर फॉर्म माझ्याकडे सरकवला. इंग्रजीत होतं, पण अर्थ असा: वाहन माझी पत्नी चालवत होती. तिच्याजवळ शिकाऊ परवाना आहे. मी तिच्या शेजारी बसायला हवं होतं, पण बसलो नाही. वाहन दीड फूट पुढे येताच माझ्या हातून नारळ सुटला. चूक माझी.

शेवटचे दोन शब्द मी तीनदा वाचले. पाच वर्षांच्या संसारात तोंडाने कधी न आलेली गोष्ट या माणसाने सरकारी विमा कंपनीला लिहून दिली, तीही तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून.

"अहो, काच मिळायची नाही अशानं," मी म्हणाले.

"नाही मिळायची."

दारात अक्का उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. पुढे आल्या आणि म्हणाल्या, "निघ, निघ, म्हणून ओरडले कोण? ते पण लिही. नुसतंच 'चूक माझी' काय!"

"अक्का, त्याची गरज नाही."

"लिही म्हंटलं ना! सगळं खरं लिहितोयस तर स्वल्प माझं पण लिही."

आणि ह्यांनी ते लिहिलं. मागे बसलेल्या माझ्या वृद्ध आईने राहुकाळाच्या कारणाने घाई केली. त्या विमा कंपनीच्या इतिहासात राहुकाळाचा उल्लेख असलेला दुसरा फॉर्म असेल असं मला वाटत नाही. अक्कांनी वाचून घेतला, "वृद्ध" शब्दाला हरकत घेतली, तो ह्यांनी खोडला आणि खोडल्याजागी सही केली.

नवी काच आम्ही आपल्या खिशातून बसवली. बसवल्या दिवशी अक्का आपण होऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बेळ्ळंदूरच्या तळ्याकडं पालेभाजी ताजी मिळते म्हणे. चल." ह्यांनी त्यांना उठवून मागे बसवलं, स्वतः शेजारी बसले, पॉलिसीतल्या नियमाप्रमाणे. मी गाडी तीनदा बंद पाडली. मागून "निघ निघ" कोणी म्हटलं नाही. परत आलो तेव्हा आमच्याकडे पालकाच्या चार जुड्या होत्या, आणि ह्यांच्या हाताची बोटं दरवाज्याला धरून-धरून आखडली होती.

मग दिवाळीच्या तोंडावर विमा कंपनीचं पत्र आलं. नकाराचं, हे पाकीट फोडण्याआधीच माहीत होतं. ह्यांनी ते उभ्याने वाचलं, एका ओळीवर थांबले, पेन्सिल घेतली, त्या ओळीखाली रेघ मारली आणि पत्र माझ्या हातात दिलं. ओळ अशी होती, की अपघाताच्या वेळी वाहन विमाधारकाची पत्नी चालवत होती.

"हे जपून ठेव," ते म्हणाले. "कागदावर आलीस."

मी टेबलाच्या खणातलं शाळेचं पत्र काढलं, फाडलं आणि तिथेच बसून दुसरं लिहिलं, की मी येते. पुढे पंधरा वर्षं त्या शाळेत गाडीने गेले. पक्का परवाना महिनाभराने मिळाला, तो मी ते नकाराचं पत्र लावलेल्या फायलीत लावला, पण त्या पत्राच्या खाली.